बातमी फुटण्याआधी

आपल्याकडे दिवस राहिल्याची बातमी लगेच कुणाला सांगत नाहीत. "तिसरा महिना उलटू दे, मग सांगू," असं आई आणि सासू दोघीही बजावतात. त्यामागे नजर लागण्याची भीती असते आणि सुरुवातीच्या आठवड्यांत गर्भ टिकेलच असं नाही, हा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभवही असतो. कौतुक सुरू होतं ते त्यानंतर. डोहाळे विचारले जातात, सातव्या महिन्यात डोहाळजेवण होतं, ओटी भरली जाते, पाण्याची कळशी दुसरं कुणीतरी उचलू लागतं. पण बाळाच्या मेंदूच्या घडणीतला एक फार नाजूक काळ तोवर सरून गेलेला असतो. त्या काळात मेंदूला लागणारं एक संप्रेरक बाळाला स्वतःला बनवता येत नाही. ते सगळंच्या सगळं आईकडून यावं लागतं, आणि ते पुरेसं देण्याइतकी तिची तब्येत आहे का, हे बहुतेक घरांत कुणी पाहिलेलं नसतं.

संप्रेरक म्हणजे हार्मोन. एका ग्रंथीत तयार व्हायचं, रक्तातून दूरवर जायचं आणि ज्या पेशींना त्याची ओळख आहे त्यांच्याकडून काम करून घ्यायचं, अशी या रसायनाची रीत असते. बाळाच्या मेंदूला लागणारं ते संप्रेरक म्हणजे थायरॉईड ग्रंथीचं थायरॉक्सिन. मोठ्या माणसात ते कमी पडलं तर थकवा येतो, वजन वाढतं, केस गळतात. गोळी सुरू केली की काही आठवड्यांत बरं वाटू लागतं. गर्भात तेच कमी पडलं तर मेंदूतल्या पेशी जिथे पोचायला हव्या होत्या तिथे पोचत नाहीत, आणि पुढे कितीही गोळ्या दिल्या तरी त्या जागच्या हलत नाहीत. संप्रेरक कमी पडलं की त्रास होतो, हे कुणालाही पटकन कळतं. ते कधी कमी पडलं यावरही तितकंच अवलंबून असतं, ही गोष्ट मात्र दवाखान्यातल्या गर्दीत सांगायची राहून जाते. हे प्रकरण त्या 'कधी'विषयी आहे.

पहिला निरोप गर्भाकडूनच निघतो. बीज फळल्यानंतर सहा ते दहा दिवसांत तो गर्भाशयाच्या अस्तरात रुजतो आणि त्याच्या बाहेरच्या पेशी एचसीजी नावाचं संप्रेरक आईच्या रक्तात सोडू लागतात. घरच्या तपासणीपट्टीवर उमटणारी दुसरी रेघ याच एचसीजीची. ते आईच्या बीजकोशाला सांगतं की प्रोजेस्टेरॉन बनवणं थांबवू नकोस. तो निरोप पोचला नाही तर पाळी येते आणि गर्भ राहिला होता हे कुणाला कळतही नाही. सातव्या ते नवव्या आठवड्याच्या सुमारास प्रोजेस्टेरॉन बनवण्याचं काम वार स्वतःकडे घेते. एचसीजी दहाव्या आठवड्याच्या आसपास सर्वांत जास्त असतं आणि मग उतरत जातं.

याच एचसीजीचं आणखी एक काम आहे, आणि इथून आपला खरा विषय सुरू होतो. आपल्या डोक्यातली पियूषिका ग्रंथी थायरॉईडला कामाला लावण्यासाठी टीएसएच नावाचं संप्रेरक पाठवते. एचसीजीची रचना त्याच्याशी इतकी मिळतीजुळती आहे की आईची थायरॉईड ग्रंथी एचसीजीलाही दाद देते. गरोदरपणात तिला एरवीपेक्षा सुमारे ५० टक्के जास्त संप्रेरक बनवावं लागतं, आणि ही वाढ पहिल्याच काही आठवड्यांत सुरू होते. शेजारणीला अजून पत्ता नसतो, पण आईच्या गळ्यातली ती लहानशी ग्रंथी दोघांसाठी राबायला लागलेली असते.

मध्ये असते वार. बाळंतपण झाल्यावर वार पूर्ण पडली की नाही हे सुईण निरखून बघायची, आजही डॉक्टर बघतात, आणि मग ती टाकून दिली जाते. अर्धा किलोच्या आसपास वजनाचा हा अवयव नऊ महिन्यांसाठी बनतो आणि त्या काळात शरीरातली सर्वांत उद्योगी संप्रेरक-ग्रंथी असतो. आईचं आणि बाळाचं रक्त तिथे एकमेकांत मिसळत नाही. पातळ पडद्याच्या दोन बाजूंनी ते वाहतं. प्राणवायू, साखर, अमिनो आम्लं, आयोडीन हे सगळं पलीकडे जातं. आईचं इन्सुलिन जात नाही. आईचं कॉर्टिसॉल बहुतांशी वाटेतच निकामी केलं जातं. थायरॉक्सिनचा बराच भागही वारेत मोडला जातो, पण थोडं पलीकडे पोचतं. या थोड्याचं मोल आपल्याला फार उशिरा कळलं.

१९८० च्या दशकापर्यंत पाठ्यपुस्तकांत असंच होतं की थायरॉईडचं संप्रेरक वार ओलांडत नाही. गर्भ आपलं आपण बघून घेतो, अशी समजूत होती. माद्रिदच्या गाब्रिएला मोरेआले दे एस्कोबार यांनी उंदरांवर वर्षानुवर्षं काम करून दाखवलं की गर्भाची ग्रंथी सुरू होण्याआधीच त्याच्या ऊतींमध्ये थायरॉक्सिन असतं आणि ते आईचं असतं. माणसांत हे सिद्ध झालं ते एका दुर्दैवी प्रसंगातून. काही बाळं थायरॉईड ग्रंथीशिवायच जन्माला येतात. अशा बाळांच्या नाळेतल्या रक्तात थायरॉक्सिन शून्य असायला हवं होतं. डच संशोधकांनी १९८९ मध्ये दाखवलं की ते शून्य नसतं. आईने शेवटपर्यंत ते पुरवलेलं असतं. म्हणूनच अशा बाळाच्या टाचेतून जन्मानंतर दोन-तीन दिवसांत रक्ताचा थेंब घेऊन तपासणी केली आणि पहिल्या दोन आठवड्यांत गोळी सुरू केली, तर ते मूल इतर मुलांसारखं शिकतं, वाढतं. आई आणि बाळ दोघांकडेही संप्रेरक कमी असेल, तेव्हा मात्र जन्मानंतरच्या गोळीने झालेलं नुकसान भरून निघत नाही.

मेंदूत हे संप्रेरक नेमकं करतं काय? गर्भाच्या मेंदूत नव्या चेतापेशी आतल्या पोकळ्यांच्या भिंतीशी जन्मतात. तिथून त्या बाहेरच्या सालीकडे प्रवास करतात, थरावर थर रचतात. कोणती पेशी कधी निघेल, कुठे थांबेल, हे ज्या जनुकांवर ठरतं त्यांतली कितीतरी थायरॉईड संप्रेरकाच्या इशाऱ्यावर चालू-बंद होतात. पुढे चेतातंतूंवर मायलिनचं वेष्टण चढतं, त्यालाही ते लागतं. कानाच्या आतला शंखासारखा भागही त्याच्याशिवाय नीट घडत नाही; आयोडीनच्या तीव्र कमतरतेत जन्मलेली काही मुलं बहिरी-मुकी असतात ती यामुळे. माद्रिदच्याच गटाने पुढे दाखवलं की आईचं थायरॉक्सिन थोड्या काळासाठी, थोडंसंच कमी झालं तरी उंदराच्या पिलांच्या मेंदूत काही पेशी चुकीच्या थरात अडकून राहतात.

बाळाची स्वतःची ग्रंथी दहाव्या ते बाराव्या आठवड्यात आयोडीन ओढू लागते, पण तिचं काम नीट चालू व्हायला अठरावा-विसावा आठवडा उजाडतो. म्हणजे जवळपास अर्धं गरोदरपण आईच्याच जिवावर निघतं, आणि त्यातही पहिले तीन महिने पूर्णपणे.

थायरॉक्सिन बनवायला आयोडीन लागतं, आणि आयोडीन मातीतून यावं लागतं. हिमनद्यांनी, पुरांनी, शतकानुशतकांच्या पावसाने डोंगराळ भागातल्या मातीतलं आयोडीन धुऊन नेलं आहे. हिमालयाच्या पायथ्याशी गळ्याखाली लोंबणारा गलगंड इतका सर्रास होता की तो कुणाला आजारही वाटत नसे. १९५६ मध्ये हिमाचलमधल्या कांगडा खोऱ्यात डॉ. व्ही. रामलिंगस्वामी, डॉ. एस. एस. सूच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधा पण मोठा प्रयोग मांडला. खोऱ्याचे तीन भाग केले. दोन भागांत आयोडीन घातलेलं मीठ पुरवलं, मधल्या भागात साधं. सुमारे सहा वर्षांत आयोडीन मिळालेल्या भागांतलं गलगंडाचं प्रमाण निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली आलं. साध्या मिठाच्या भागात तसं काही घडलं नाही. मग त्या भागालाही आयोडीनयुक्त मीठ सुरू झालं. डॉ. एम. जी. देव आणि डॉ. एम. जी. करमरकर हेही पुढे या कामात होते. १९६२ मध्ये देशाचा गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, त्यामागे हे काम होतं.

गलगंड डोळ्यांना दिसतो. मेंदूचं नुकसान तसं दिसत नाही. ते कधी होतं, हे पापुआ न्यू गिनीच्या डोंगरांत समजलं. तिथल्या जिमी खोऱ्यात १९६६ मध्ये पीटर फारोआ आणि सहकाऱ्यांनी एकाआड एक कुटुंबांना आयोडीनयुक्त तेलाचं इंजेक्शन दिलं. ज्या आयांना साधं इंजेक्शन मिळालं त्यांच्या ५३४ मुलांपैकी २६ मुलं आयोडीनच्या कमतरतेमुळे जन्मतः गंभीर मतिमंदत्व घेऊन आली. आयोडीन मिळालेल्यांच्या ४९८ मुलांत अशी मुलं सात होती. या सातांपैकी सहा जणांच्या आयांना इंजेक्शन मिळालं तेव्हा त्या आधीच गरोदर होत्या. १९७१ मध्ये छापलेला हा निबंध मी जितक्या वेळा वाचतो तितक्या वेळा या सहा मुलांपाशी थांबतो. औषध बरोबर होतं, आईलाच दिलं होतं, मात्राही भरपूर होती. फक्त काही आठवडे उशीर झाला होता.

महाराष्ट्रात बऱ्याच जणांना वाटतं की आपल्याला समुद्र आहे, आपलं मीठ समुद्राचं, मग आयोडीनची चिंता कशाला? मिठागरातल्या खडेमिठात नैसर्गिक आयोडीन नगण्य असतं. समुद्री मासळीत ते असतं, पण कोकणातली मासळी सातपुड्यातल्या पाड्यावर रोज पोचत नाही. कायद्याने खाण्याच्या मिठात कारखान्यातून निघताना दशलक्ष भागांत ३० आणि घरी पोचेपर्यंत किमान १५ भाग आयोडीन असावं लागतं. १५ भाग म्हणजे दिवसाला दहा ग्रॅम मिठातून १५० मायक्रोग्रॅम. एरवी मोठ्या माणसाला तेवढं पुरतं. गरोदर स्त्रीला जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार २५० लागतं. अशा वेळी 'नैसर्गिक' म्हणून सैंधव किंवा गुलाबी मीठ रोजच्या वापरात आणणं मला काळजीचं वाटतं. उपवासाला शेंदेलोण खाल्लं म्हणून काही बिघडत नाही. पण मूल हवं असणाऱ्या किंवा दिवस गेलेल्या बाईच्या रोजच्या डाळ-भाजीत आयोडीनचंच मीठ असलं पाहिजे, ते झाकणाच्या बरणीत ठेवलं पाहिजे, आणि जमेल तिथे शिजवण्याच्या शेवटी घातलं पाहिजे.

आयोडीन पुरेसं असूनही ग्रंथीच आळशी असेल तर? १९९९ मध्ये जेम्स हॅडो यांनी अमेरिकेतल्या मेन राज्यातून एक निरीक्षण मांडलं. २५,००० हून अधिक गरोदर स्त्रियांचं साठवलेलं रक्त तपासून त्यांनी टीएसएच वाढलेल्या ६२ जणी शोधल्या आणि त्यांच्या सात ते नऊ वर्षांच्या मुलांची बुद्धिचाचणी घेतली. गरोदरपणात उपचार न मिळालेल्या ४८ जणींची मुलं इतर मुलांपेक्षा सरासरी सात गुणांनी मागे होती. जगभर एकच मागणी उठली: प्रत्येक गरोदर बाईची थायरॉईड तपासणी करा. पुढे ब्रिटन आणि इटलीतल्या चाचणीत (२०१२) आणि अमेरिकेतल्या चाचणीत (२०१७) सौम्य कमतरता असलेल्या स्त्रियांना गोळ्या देऊन पाहिल्या, तेव्हा मुलांच्या बुद्ध्यांकात फरक पडला नाही. काहींनी यावरून विषयच निकालात काढला. पण पहिल्या चाचणीत गोळी सुरू झाली ती सुमारे तेराव्या आठवड्यात, दुसरीत त्याहूनही उशिरा. जिमी खोऱ्यातली सहा मुलं लक्षात ठेवली तर या निकालांचं मला फारसं आश्चर्य वाटत नाही. सौम्य कमतरतेने कदाचित तितकं नुकसान होतही नसेल. तोही अर्थ निघू शकतो. उघड हायपोथायरॉईडिझमवर उपचार करण्याबाबत मात्र कुणाचंच दुमत नाही.

जिला आधीपासून थायरॉईडची गोळी चालू आहे तिच्यासाठी यातून निघणारी सूचना अगदी स्पष्ट आहे. पाळी चुकली आणि पट्टीवर दुसरी रेघ दिसली की त्याच आठवड्यात डॉक्टरांना भेटायचं, कारण गोळीची मात्रा बहुतेकींना वाढवावी लागते, साधारण चौथाईने किंवा थोडी जास्त. सोनोग्राफीत ठोके दिसेपर्यंत किंवा तिसरा महिना उलटेपर्यंत थांबायचं नाही. आणि लोह-कॅल्शियमच्या गोळ्या थायरॉईडच्या गोळीबरोबर घ्यायच्या नाहीत. त्या तिचं शोषण अडवतात. दोन्हींत चार तासांचं अंतर हवं. सकाळच्या घाईत तीनही गोळ्या एकाच घोटात घेणाऱ्या कितीतरी जणी आहेत, आणि त्यांना हे कुणी सांगितलेलं नसतं.

मेंदूची गोष्ट थायरॉईडपासून सुरू होते, तशी अंगाच्या वाढीची गोष्ट इन्सुलिनपासून. जन्मानंतर मुलं वाढतात ती पियूषिकेतल्या वाढीच्या संप्रेरकावर. गर्भाच्या वाढीत त्याचा वाटा फार थोडा. तिथे वाढीची सूत्रं इन्सुलिन आणि त्याच्या घराण्यातल्या आयजीएफ या दोन संप्रेरकांकडे असतात. गरोदरपणाच्या उत्तरार्धात वार आईच्या रक्तात अशी संप्रेरकं सोडते की आईच्या पेशी तिच्याच इन्सुलिनला दाद देईनाशा होतात. साखर तिच्या स्नायूंत न शिरता रक्तात जास्त वेळ रेंगाळते आणि बाळाकडे जाते. निरोगी आईचा स्वादुपिंड दुप्पट-तिप्पट इन्सुलिन बनवून तोल सांभाळतो. ज्या आईला ते जमत नाही तिची साखर चढते. साखर वार ओलांडते, इन्सुलिन ओलांडत नाही. मग बाळाचा स्वादुपिंड स्वतःचं इन्सुलिन भरभरून सोडतो, आणि गर्भात इन्सुलिन म्हणजे वाढीचा आदेश. बाळ गुबगुबीत होतं, खांदे रुंदावतात, प्रसूती अडते. नाळ कापली की आईची साखर थांबते पण बाळाचं इन्सुलिन चालूच राहतं आणि त्याची साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली जाते. कोपनहेगनच्या यॉर्गन पेडरसन यांनी १९५० च्या दशकात हे कोडं सोडवलं. नऊ देशांतल्या सुमारे २५,००० स्त्रियांच्या अभ्यासाने २००८ मध्ये त्यात भर घातली: आईच्या साखरेची 'इथपर्यंत सुरक्षित' अशी स्पष्ट रेषा नाही. साखर जसजशी वर जाते, तसतसं बाळाचं वजन आणि नाळेतलं इन्सुलिन वर जातं.

आपल्याकडे या तपासणीची सोपी रीत चेन्नईच्या डॉ. व्ही. शेषय्या यांच्या आग्रहामुळे रुजली. उपाशीपोटी यायची अट नाही. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून प्यायचं, दोन तासांनी रक्त द्यायचं. १४० किंवा अधिक आलं तर गरोदरपणातला मधुमेह. खेड्यातून सकाळची एसटी धरून येणाऱ्या बाईला उपाशी ठेवून दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलावण्यापेक्षा हे किती माणुसकीचं आहे! ही तपासणी पहिल्याच भेटीत आणि पुन्हा २४ ते २८ आठवड्यांत व्हायला हवी.

गोष्ट इथेच संपली असती तर गुबगुबीत बाळांपुरती राहिली असती. पण १९९३ मध्ये पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या सहा गावांत बाळ होण्याच्या वयातल्या विवाहित स्त्रियांची नोंद सुरू केली, गर्भ राहण्याच्या आधीपासून. या स्त्रियांचं सरासरी वजन ४२ किलोच्या जवळपास होतं. त्यांची बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनची बाळं ३.५ किलोची. आपली बाळं लहान, यात नवीन काही नव्हतं. नवीन होतं ते पुढचं. मोजपट्टी आणि चिमटा घेऊन मोजमापं केली तेव्हा दिसलं की या बाळांचे स्नायू कमी, पोट लहान, पण खांद्याखालच्या त्वचेतली चरबी जवळजवळ इंग्लिश बाळांइतकी टिकलेली. पुढे नाळेच्या रक्ताची तुलना झाली तेव्हा वजनाने लहान असूनही पुण्याच्या बाळांत इन्सुलिन चढं आढळलं. दिसायला किडकिडीत आणि आतून चरबी राखणारी ही बाळं मोठी झाल्यावर शहरी खाणं आणि बैठं काम वाट्याला आलं की मधुमेहाकडे लवकर झुकतात. आपल्या देशात तिशी-चाळिशीत, फारसं वजन नसतानाही मधुमेह होतो, त्याच्या मुळांपैकी एक या गर्भातल्या काळात आहे.

त्या सहा गावांत आणखी दोन गोष्टी सापडल्या आणि त्या मला या सगळ्या अभ्यासातल्या सर्वांत बोलक्या वाटतात. ज्या आया हिरव्या पालेभाज्या, फळं, दूध अधिक वेळा खात होत्या त्यांची बाळं मोठी होती. आणि ज्यांच्या वाट्याला शेतातलं आणि घरातलं कष्टाचं काम जास्त होतं त्यांची बाळं लहान होती. ताटात काय पडतं आणि पाणी कोण भरतं, हे प्रश्न संप्रेरकांच्या शास्त्राबाहेरचे नाहीत.

ताणाचं संप्रेरक म्हणून कॉर्टिसॉल बदनाम आहे. गरोदरपणात आईचं कॉर्टिसॉल वाढतंच, शेवटी शेवटी दुप्पट-तिप्पट. पण वारेत एक विकर (एन्झाइम) आहे, ते बहुतेक कॉर्टिसॉल निष्क्रिय करून मगच पलीकडे सोडतं. घरात एखादं भांडण झालं, ती एक रात्र रडली, म्हणून बाळाचा मेंदू बिघडत नाही. हे मुद्दाम लिहितो आहे, कारण 'तू आनंदी राहिली नाहीस म्हणून मूल असं झालं' हे वाक्य आपल्याकडे आईला ऐकवलं जातं. कॅनडातल्या क्यूबेकमध्ये जानेवारी १९९८ मध्ये बर्फाच्या वादळाने लाखो घरांची वीज गेली, काहींची आठवडेच्या आठवडे. तेव्हा गरोदर असलेल्या स्त्रियांच्या मुलांचा सुझान किंग यांनी पुढे अभ्यास केला. दोन वर्षांच्या वयात भाषेत आणि आकलनात मागे होती ती प्रामुख्याने ज्यांच्या आयांनी प्रत्यक्ष हाल जास्त सोसले त्यांची मुलं. आई मनातून किती अस्वस्थ होती, त्याचा संबंध तितकासा दिसला नाही. गर्भसंस्काराच्या वर्गात मंत्र आणि संगीत ऐकायला माझा विरोध नाही. बाईला दोन तास निवांत मिळत असतील तर उत्तमच. पण त्या वर्गाची फी भरणाऱ्या घरात तिची टीएसएच तपासणी झालेली नसते, तेव्हा मला राग येतो.

वारेतलं ते विकर काही पदार्थांमुळे मंदावतं. ज्येष्ठमध त्यांतलं एक. फिनलंडमध्ये ज्येष्ठमधाच्या गोळ्या मिठाई म्हणून खूप खाल्ल्या जातात. हेलसिंकीत १९९८ मध्ये जन्मलेल्या मुलांचा पाठपुरावा केला तेव्हा, ज्यांच्या आया आठवड्याला ज्येष्ठमधातलं ५०० मिलिग्रॅमहून अधिक ग्लायसिऱ्हायझिन खात होत्या त्यांची मुलं बाराव्या वर्षाच्या सुमारास बुद्धिचाचणीत सरासरी सात गुणांनी मागे होती. हे निरीक्षण आहे, प्रयोग नाही. तरीही गरोदरपणात रोज ज्येष्ठमधाचा काढा घेऊ नये, एवढं सांगायला ते पुरेसं आहे. खोकल्यासाठी कधीतरी एक कांडी चघळली तर घाबरण्याचं कारण नाही.

बाळाचं स्वतःचं कॉर्टिसॉल मात्र शेवटच्या आठवड्यांत वाढावंच लागतं. फुप्फुसं त्यानेच पिकतात. न्यूझीलंडमधल्या ऑकलंडच्या ग्रॅहम लिगिन्स यांनी मेंढीच्या गर्भाला कॉर्टिसॉलसारखं स्टेरॉइड दिलं आणि जे कोकरू जगूच शकलं नसतं ते श्वास घेत असलेलं पाहिलं. १९७२ मध्ये लिगिन्स आणि रॉस हॉवी यांनी २८२ मातांवरची चाचणी प्रसिद्ध केली. आज अकाली प्रसूतीची चिन्हं दिसली की आईला दिलं जाणारं इंजेक्शन ते हेच. डेक्सामेथासोन आणि बीटामेथासोन ही औषधं वारेतल्या विकराला चकवून पलीकडे जातात. हे औषध गावोगावी पोचवावं म्हणून सहा देशांत एक मोठी चाचणी झाली, त्यात बेळगाव आणि नागपूर परिसरही होता. २०१५ मध्ये निकाल आला आणि सगळे हादरले. दर हजार मातांमागे नवजात मृत्यू साडेतीनने वाढले होते. इंजेक्शन मिळालेल्या कितीतरी जणी प्रत्यक्षात पूर्ण दिवसांच्या निघाल्या. दिवस कितवे, हेच नीट ठाऊक नव्हतं. २०२० मध्ये भारतासह पाच देशांतल्या रुग्णालयांत सोनोग्राफीने दिवस पक्के करून तेच औषध दिलं, तेव्हा नवजात मृत्यूंचं प्रमाण २३.५ टक्क्यांवरून १९.६ वर आलं. आणि दिवस पक्के करणारी सोनोग्राफी सर्वांत अचूक असते ती पहिल्या तीन महिन्यांत.

याच तीन महिन्यांत चोरून आणखी काही दिलं जातं, त्याविषयी लिहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही. मुलगा व्हावा म्हणून दिली जाणारी औषधं बहुधा सहाव्या ते दहाव्या आठवड्यात घेतली जातात. बाळ मुलगा की मुलगी हे बीज फळतं त्याच क्षणी शुक्राणूने ठरवलेलं असतं. पण जननेंद्रियं, हृदय, हातपाय घडण्याचा काळ नेमका हाच. हरयाणात अशा औषधांचे नमुने तपासले गेले तेव्हा त्यांत इस्ट्रोजेनसारखं काम करणारी वनस्पतिजन्य रसायनं आणि काहींत चक्क टेस्टोस्टेरॉन सापडलं. ही औषधं घेतलेल्या स्त्रियांत जन्मजात व्यंगं आणि मृत जन्म अधिक आढळले. बाहेरून घातलेलं संप्रेरक किती वर्षांनी डोकं वर काढू शकतं, हे १९७१ मध्ये बॉस्टनच्या आर्थर हर्ब्स्ट यांनी दाखवलं होतं. योनिमार्गाचा दुर्मीळ कर्करोग झालेल्या आठ तरुण मुलींपैकी सात जणींच्या आयांनी गर्भ टिकावा म्हणून डीईएस हे कृत्रिम इस्ट्रोजेन घेतलं होतं. त्या मुली तेव्हा पोटात होत्या.

पुण्याजवळच्या त्या सहा गावांचं काम अजून चालू आहे. १९९० च्या दशकात जन्मलेली ती बाळं सहा वर्षांची झाली तेव्हा दिसलं की ज्यांच्या आयांच्या रक्तात बी-१२ कमी आणि फोलेट जास्त होतं, त्या मुलांच्या पेशी इन्सुलिनला सर्वांत कमी दाद देत होत्या. म्हणून २०१२ मध्ये, तीच मुलं सतरा-अठरा वर्षांची असताना, त्यांना बी-१२ ची लहानशी मात्रा देण्याचा प्रयोग सुरू झाला. लग्नाआधीपासून, दिवस राहण्याच्या कितीतरी आधीपासून. त्या मुलींना पुढे झालेल्या बाळांची दोन वर्षांच्या वयात चाचणी घेतली, तेव्हा नुसतं बी-१२ मिळालेल्या आयांची मुलं आकलनात आणि भाषेत पुढे होती. मुलांची संख्या लहान होती. मोजमापं चालू आहेत, आणि ज्या गावांत बाळांची उंची-वजनं कागदावर लिहायला सुरुवात झाली होती तिथे आता त्या बाळांच्या बाळांची नोंद होते आहे.